डाइव्ह मास्क: अखंड काचेचा फ्रेमलेस घ्यावा की दोन काचांचा?

स्कूबाचा पहिला कोर्स झाला, सेंटरचे भाड्याचे मास्क नकोसे वाटू लागले, आता स्वतःचा घ्यायचा आहे. चार दुकानं आणि दहा वेबसाइट पालथ्या घातल्या की निवड शेवटी दोन प्रकारांपाशी येऊन अडते. पहिला प्रकार फ्रेमलेस. त्यात एकच अखंड काच असते आणि ती थेट सिलिकॉनमध्ये बसवलेली असते. दुसरा दोन काचांचा, फ्रेमचा. त्याच्या आत हवा कमी मावते, म्हणून सगळे त्याला 'लो व्हॉल्यूम' म्हणतात. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत आणि आज माझ्या बॅगेत दोन्ही आहेत. माझं डायव्हिंग बहुतेक मालवण-तारकर्लीच्या उथळ पाण्यात होतं, अधूनमधून कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर आणि अंदमानात. पुढचं सगळं तेवढ्या अनुभवावर सांगतो आहे.

पूर्ण चेहरा झाकणारा, वर नळी असलेला स्नॉर्कल मास्क मी या तुलनेत धरलेला नाही. पाण्यावर तरंगत खाली बघायला तो छान आहे. पण त्यात नाक चिमटीत धरता येत नाही, म्हणून खाली उतरताना दाबाने बसलेले कान मोकळे करता येत नाहीत. त्याला तेवढ्याच कामावर ठेवावं.

मास्क किती दाब सोसतो, असा प्रश्न नव्या लोकांकडून नेहमी येतो. काच टेम्पर्ड असेल (तसं काचेवर कोपऱ्यात कोरलेलं असतं) तर आपण जातो तेवढ्या खोलीत काचेची चिंता दोन्ही प्रकारांत नाही. आतली हवा आणि बाहेरचं पाणी यांचा दाब सारखा राहिला तर काचेवर भार येतच नाही. तो सारखा ठेवायचं काम नाकाचं आहे. पोहण्याचा गॉगल लावून खोल जाऊ नये ते याचसाठी, नाक बाहेर राहिल्यामुळे आत हवा सोडायला वाटच नसते. जपानमध्ये दम धरून बुडी मारणाऱ्या अमा बायका पूर्वी गॉगल वापरत, तेव्हा काही गॉगलांना बाजूला हवेचे छोटे फुगे जोडलेले असत. खाली गेलं की पाणी ते फुगे दाबायचं आणि त्यांतली हवा डोळ्यांपुढच्या पोकळीत शिरायची. नाक आत घेणारा मास्क आल्यावर हा खटाटोप संपला.

आता आकडे बघू, कारण माझी निवड त्यांच्यावरच येऊन ठरली. समुद्रात दर 10 मीटरला एक वातावरण (म्हणजे पाण्याबाहेर हवेचा असतो तेवढा) दाब वाढतो. म्हणजे एक मीटर खाली गेलं की दर चौरस सेंटिमीटरवर साधारण 100 ग्रॅम भार जास्त. मास्कने झाकलेला चेहरा 100 चौरस सेंटिमीटर धरला, तर नाकातून हवा न सोडता एक मीटर उतरल्यावर हिशेबाने दहाएक किलो होतात. प्रत्यक्षात तेवढं जाणवत नाही. स्कर्ट, म्हणजे चेहऱ्याला टेकणारी सिलिकॉनची कड, मऊ असल्यामुळे तो आत दबतो, पोकळी लहान होते, आतली हवा आवळली जाते आणि दाबाची बरीचशी फेड तिथेच होते. मास्कच्या रचनेत बघायचं ते हेच. काच चेहऱ्याकडे किती सरकू शकते, आणि सरकता सरकता सर्वांत आधी कुठला टणक भाग कुठे टेकतो? सरकायला जागा उरली नाही आणि तरी नाकातून हवा सोडली नाही, तर पुढची पाळी डोळ्यांची. बारीक रक्तवाहिन्या फुटून डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरतं. याला मास्क स्क्वीझ म्हणतात आणि तो दिसतो भयंकर.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. मास्कचा त्रास खोलीपेक्षा उथळ पाण्यात जास्त होतो. 2 मीटरवरून 8 मीटरवर उतरलात की एकूण दाब 1.2 वरून 1.8 वातावरण होतो, म्हणजे थेट दीडपट. तोच 6 मीटरचा उतार 22 वरून 28 मीटर असेल तर दाब 3.2 वरून 3.8, पाचव्या हिश्शाचीही वाढ नाही. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. तिचा माथाच पाण्याखाली 20 मीटरच्या आसपास. अशा ठिकाणी एकदा तळाशी पोचलं की मास्कची आठवणही राहत नाही. मालवणात मात्र सगळा खेळ वरच्या दहा-बारा मीटरमध्ये. खडकाच्या बाजूने वर जा, कपारीत बघायला खाली या, त्यात लाटेचा हेलकावा आपल्याला उचलतो आणि सोडतो. वर जाताना मास्कमधली हवा फुगून कडेने निसटते, खाली येताना ती पुन्हा भरावी लागते. हे पूर्ण डाइव्हभर चालू राहतं.

माझं आणि फ्रेमलेस मास्कचं बिनसलं ते नेमकं इथे.

पहिला मास्क घेतला तो अखंड काचेचा फ्रेमलेसच होता. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, या धाटणीचे दुसऱ्यांचे मास्क लावून पाहिले तेव्हाही माझ्या चेहऱ्यावर कमीअधिक तेच झालं. किनाऱ्यावर लावला तर लोण्यासारखा बसायचा. पाच-सहा मीटर उतरलं की काच आत सरकायची आणि तिच्या वरच्या कडेतला टणक भाग दोन भुवयांच्या मधे, नाक जिथे कपाळाला मिळतं तिथे, येऊन टेकायचा. फ्रेमलेसमध्ये त्या जागी काच आणि कपाळ यांच्यात सिलिकॉनचा पातळ थर काय तो असतो. नाकातून हवा सोडली की सुटका, दोन मिनिटांनी पुन्हा तेच. अर्ध्या डाइव्हनंतर मासे बघण्यापेक्षा माझं लक्ष कपाळाकडेच जास्त असायचं. बोटीवर आलो की तिथे लाल वळ आणि मागे बारीक डोकेदुखी. आमच्या मालवणच्या इन्स्ट्रक्टरचा एकच सल्ला, "नाकातसून जरा वारो सोडा." सल्ला शंभर टक्के बरोबर, आणि मी सोडतही होतो. पण वारंवार सोडावं लागलं की जास्तीची हवा स्कर्टच्या वरून निघते, तेवढ्यात सील सैल होतं आणि मिशीखालून पाण्याची धार आत येते. मग मास्क क्लिअर करा, म्हणजे नाकाने हवा फुंकून ते पाणी बाहेर काढा. त्यात पुन्हा हवा गेली.

दोन काचांच्या मास्कमध्ये नाकाचा उंचवटा दोन काचांच्या मधल्या जागेत शिरतो, त्यामुळे काचा डोळ्यांच्या जवळ येतात आणि आतली पोकळी आपोआप लहान होते. फ्रेम बाहेरच्या बाजूला राहते आणि कपाळ व फ्रेम यांच्यात सिलिकॉनची जाड घडी असते. निदान माझ्याकडच्या मास्कमध्ये तरी ती आहे. दबतो तोही, पण त्याचा दाब गालांवर आणि कपाळावर पसरतो, एका टिंबावर येत नाही. पोकळी लहान असल्यामुळे नाकातून हलकासा श्वास सुटला की पुरतो, मुद्दाम काही करावं लागत नाही.

पोकळीचा हिशेब दम धरून बुडी मारणाऱ्यांसाठी फारच महत्त्वाचा आहे. उदाहरण म्हणून 150 मिलिलिटर हवा मावणारा मास्क घ्या. 20 मीटरवर त्याच्या आतला दाब बाहेरच्याइतका ठेवायला, पाण्याबाहेरच्या दाबाने मोजलेली 300 मिलिलिटर हवा छातीतून द्यावी लागेल. 90 मिलिलिटरच्या मास्कला 180 पुरेल. स्कर्ट दबतो म्हणून खरे आकडे थोडे कमी येतात, पण फरकाचं प्रमाण तेच राहतं. टाकीवर असताना एवढ्या हवेने काही बिघडत नाही. फ्रीडायव्हिंगकडे वळायचा विचार असेल तर मात्र मोठा मास्क घेऊच नका.

फ्रेमलेसवर अन्याय नको, त्याचे गुण खरे आहेत. मधे दांडी नसल्यामुळे समोरचं दृश्य सलग दिसतं, आणि हे सुख पहिल्या बुडीत जाणवतं. दोन काचांच्या मास्कमध्ये नाकावरचा पट्टा सुरुवातीला डोळ्यांत येतो. मला नंतर तो दिसेनासा झाला, पण माझ्या एका डाइव्ह-सोबत्याला अजूनही खुपतो. फ्रेमलेस मास्क चपटा होतो आणि डायव्हिंग जॅकेटच्या खिशात मावतो. त्याची बकलं बहुधा मऊ सिलिकॉनवरच बसवलेली असतात, म्हणून ती बॅगेत सहसा तुटत नाहीत. मात्र पट्टा जरा जास्त ओढला तर ओढ थेट स्कर्टवर येते, कडा सुरकुततात आणि पाणी शिरतं. पाणी येतंय म्हणून पट्टा आणखी आवळणं ही सवय दोन्ही मास्कमध्ये वाईट, फ्रेमलेसमध्ये जास्त. काच फुटली तर फ्रेमलेस टाकूनच द्यावा लागतो, फ्रेमच्या मास्कला बऱ्याचदा काच बदलून मिळते.

चष्मा असेल तर विचार वेगळा करावा लागतो. पाण्याखाली वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात. उणे एक-दीडच्या नंबरवाल्यांचं साध्या काचेवरही बरं भागतं. त्यापुढे नंबरी काचा हव्यात. बऱ्याच दोन काचांच्या मास्कमध्ये अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यांनी मिळणाऱ्या तयार काचा सरळ बसवता येतात. डाव्या-उजव्या डोळ्याचा नंबर वेगळा असला तरी चालतं. तयार काचांमध्ये चष्म्याचा सिलिंडरचा नंबर (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा) सहसा मिळत नाही, तो कारागिराकडून चिकटवून घ्यावा लागतो. अखंड काचेला हा चिकटवण्याचाच मार्ग आहे. चाळिशी लागलेल्यांना मासे स्वच्छ दिसतात आणि हवा आणि खोली दाखवणारं गेज वाचता येत नाही, त्यांच्यासाठी खालच्या भागात वाचायचं भिंग असलेल्या काचा मिळतात. त्यांनी दोन काचांकडेच जावं, असं मला वाटतं.

स्कर्ट काळा की पारदर्शक, याचा दाबाशी संबंध नाही, पण आपल्या पाण्याशी आहे. कोकणचं पाणी चांगल्या दिवसातही थोडं धुरकट असतं आणि वरच्या थरात ऊन विखुरतं. पारदर्शक स्कर्टमधून ते बाजूने आत येतं आणि काचेवर आतून चमकतं. काळा स्कर्ट ते अडवतो. फोटोत चेहरा उजळ दिसावा, किंवा बंदिस्त वाटून जीव घाबरतो, अशांनी पारदर्शक घ्यावा. तो वर्षभरात पिवळट पडू लागतो एवढं लक्षात असू द्या. मिशीवाल्यांसाठी कुठलाच मास्क जादू करत नाही. नाकाखालची एक बारीक रेघ भादरली किंवा सिलिकॉन ग्रीस लावलं की गळती बरीच थांबते.

दुकानात मास्क पट्ट्याशिवाय लावून नाकाने श्वास ओढायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने सील कळतं, दाबाचं काही कळत नाही. माझी विनंती अशी की त्याच्यापुढे आणखी एक गोष्ट करा. मास्क लावून रेग्युलेटरचा (टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या उपकरणाचा) माउथपीस तोंडात धरा, कारण त्याने गालांचा आकार बदलतो. मग तळहात काचेवर सपाट ठेवून हलकेच चेहऱ्याकडे दाबा आणि अर्धा मिनिट तसाच धरा. आधी काय टेकतं? गालांवर सगळीकडे मऊ दाब आला तर उत्तम. भुवयांच्या मधे किंवा नाकाच्या हाडावर टणक काही लागलं, तर पाण्यात ते याहून जास्त लागेल, मग मास्क कितीही देखणा असो. फ्रेमलेसने ही परीक्षा पार केली तर माझं ऐकू नका, तोच घ्या. काहींच्या कपाळाचा उतार असा असतो की त्यांना तो कधीच बोचत नाही. आणि दोन काचांचा एखादा मास्क मधल्या दांडीने नाक रुतवत असेल, तर तो लगेच परत ठेवा.

दोन्ही सारखेच बसत असतील तर मी दोन काचांचा, लहान पोकळीचा, काळ्या स्कर्टचा मास्क उचलेन. उथळ पाण्यात जास्त वावर असणाऱ्याने तर नक्कीच. माझा फ्रेमलेस आता जॅकेटच्या खिशात घडी करून असतो. पाण्याखाली मास्क निसटला किंवा कुणाचा पट्टा तुटला तर दुसरा हाताशी हवा, आणि त्या कामाला त्याच्याइतका सोयीचा मास्क मला अजून मिळालेला नाही.