कोरलवर हात बसलेल्यांसाठी: स्टॉकच्या कामाला इंकस्केप घ्यावं की इलस्ट्रेटर?

लातूर, नांदेड, परभणी, बीड, कुठंही फ्लेक्सच्या किंवा लग्नपत्रिकेच्या दुकानात डोकावा, स्क्रीनवर कोरल (कोरलड्रॉ हा डिझाइनचा प्रोग्रॅम) उघडलेलं असतं. त्यामुळं मराठवाड्यातला डीटीपीवाला स्टॉकसाठी, म्हणजे शटरस्टॉक, अ‍ॅडोब स्टॉक अशा चित्रं विकणाऱ्या साइटसाठी, व्हेक्टर चित्रं (पिक्सेलची नाही, रेघा-आकारांची) काढायला बसतो तेव्हा त्याला नोड, म्हणजे रेघेवरचा ओढायचा बिंदू, काय हे शिकवावं लागत नाही. शेप टूल, वेल्ड, पॉवरक्लिप सगळं बोटांत असतं. अडतं ते फाइल देताना. सीडीआर, म्हणजे कोरलची स्वतःची फाइल, स्टॉकवाले घेत नाहीत. कोरलमधून ईपीएस (स्टॉकवाले घेतात ती व्हेक्टर फाइल) काढली तर ड्रॉप शॅडो आणि पारदर्शक भाग त्यात बिटमॅप, म्हणजे फोटोसारखे पिक्सेल, होऊन बसतात. मग प्रश्न येतो, फुकटचं इंकस्केप उतरवून घ्यायचं की अ‍ॅडोबच्या इलस्ट्रेटरचं भाडं भरायचं.

पॅन, कराचा फॉर्म, पैसे कोणत्या खात्यात येतात, हे दोन्हीकडं सारखंच, म्हणून ते सोडून देतो. पेन टूल कुणाचं भारी हा वादही सोडतो. महिनाभर काम केलं की दोन्ही सारखीच वाटायला लागतात.

हाताच्या सवयीचं बघितलं तर इंकस्केप कोरलच्या घरातलं वाटतं. आकारावर एकदा क्लिक केलं की लहान-मोठं करायचे बाण, दुसऱ्यांदा क्लिक केलं की फिरवायचे बाण, ही कोरलची रीत तिथं जशीच्या तशी आहे. इलस्ट्रेटरमध्ये काळा बाण वेगळा, पांढरा बाण वेगळा, आणि कोरलवाला पहिले पंधरा दिवस त्यातच चिडतो. एक खोडी मात्र इंकस्केपचीही आहे. कोरलमध्ये कंट्रोल-एल म्हणजे कंबाइन, इंकस्केपमध्ये तेच बटण सिम्प्लिफाय, म्हणजे नोड कमी करून रेघ सोपी करणं. सवयीनं दाबलं की मोराची मान वाकडी होते, आणि लगेच लक्षात आलं नाही तर तशीच सेव्ह होते. प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्डच्या यादीत कोरलचा नकाशा आहे, तो पहिल्याच दिवशी निवडून टाका. जुनी सीडीआर फाइलही इंकस्केप बऱ्यापैकी उघडतं. इलस्ट्रेटर फक्त कोरल 5 ते 10 पर्यंतच्या फायली ओळखतं, म्हणजे आपल्या कामाच्या जवळपास कुठल्याच नाहीत.

देवनागरीतही इंकस्केपची बाजू वरचढ आहे. युनिकोड फाँट लावला, 'शिवजयंती' टाइप केलं, वेलांटी आणि जोडाक्षर जागच्या जागी येतात. इलस्ट्रेटरमध्ये कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) चुकीचा असेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते आणि 'श्री' फुटतं. प्रेफरन्सेसमधल्या टाइपच्या पानावर इंडिक ऑप्शन्स चालू करायचे, मग पॅरेग्राफ पॅनलच्या मेन्यूतून दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर निवडायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ठाऊक नसेल तर माणूस फाँटलाच शिव्या देत बसतो. अर्थात दोन्हीकडं शेवटी अक्षरांचे आउटलाइन करावेच लागतात, कारण घेणाऱ्याकडं आपला फाँट नसतो. चित्रात मराठी मजकूर घालावा का, हा वेगळा विषय. वेळ अमावस्येचं चित्र काढलं, शेतातली कडब्याची कोपी, पूजेचे पाच दगड, आंबिलाचं मडकं, सगळं देखणं जमलं, तरी लातूर-धाराशिवबाहेर त्या नावानं ते कुणी शोधणार नाही. तिथं भारतीय शेतकरी, सुगीचा सण, गावचं जेवण असे शब्दच कीवर्डमध्ये कामाला येतात. मजकूर नसलेलं चित्र जास्त ठिकाणी खपतं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग इंकस्केपच घेऊ की. माझंही मत बरेच दिवस तिकडं झुकलेलं होतं. ते फिरलं एका गोष्टीवर, ती म्हणजे ईपीएस.

आपल्या दुकानदारीत गिऱ्हाइकाला फाइल कधी देत नाहीत. त्याला छापील फ्लेक्स मिळतो, सीडीआर आपल्याच हार्ड डिस्कवर राहते. फाइलच्या आत काय गोंधळ आहे, किती पॉवरक्लिप एकात एक घातलेत, हे कुणी बघत नाही. छापून चांगलं आलं की झालं. स्टॉकमध्ये नेमकं उलट आहे. तिथं फाइल हाच माल आहे. घेणारा ती उघडतो, बहुतेक वेळा इलस्ट्रेटरमध्येच, मोर उचलून दुसरीकडं ठेवतो, जांभळा काठ हिरवा करतो. त्याला ते करता आलं नाही तर नुसत्या देखण्या चित्राचा त्याला उपयोग नाही. फाइल विक्रीला ठेवण्याआधी स्टॉकच्या साइटचे तपासणीवालेही हेच बघतात.

इंकस्केप ईपीएस काढतं तेव्हा मधे कैरो नावाची लायब्ररी काम करते. ईपीएस ज्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत लिहिलेली असते तिला पारदर्शकता कळत नाही. त्यामुळं 100 टक्क्यांपेक्षा कमी ओपॅसिटीचा (थोडा पारदर्शक) आकार, एका टोकाला विरत जाणारा ग्रेडियंट, मास्क, ब्लर, यातलं काहीही आलं की तो भाग कैरो बिटमॅप करून टाकते. बघायला फाइल ठीक दिसते. आत मात्र सावलीच्या जागी फोटोचा चौकोन असतो. व्हेक्टर फाइलमध्ये रॅस्टर, म्हणजे बिटमॅप, सापडलं की फाइल परत. शिवाय लेयर जातात, आणि वस्तूंभोवती एकात एक क्लिपिंगचे (आकार कापून दाखवणाऱ्या चौकटींचे) वेढे पडलेले असतात. घेणाऱ्याला एक पान उचलायचं तर चार वेळा अनग्रुप करावं लागतं.

इलस्ट्रेटरच्या ईपीएसचाही पोस्टस्क्रिप्टचा भाग तसाच सपाट असतो. पण इलस्ट्रेटर त्याच फाइलच्या पोटात आपला मूळ डेटाही ठेवतं. म्हणून 'इलस्ट्रेटर 10 ईपीएस' अशी आवृत्ती निवडून सेव्ह केलेली फाइल पुन्हा इलस्ट्रेटरमध्ये उघडली की ओपॅसिटी, मल्टिप्लाय (खालच्या रंगात गडद मिसळणं), लेयर जिवंत मिळतात. याचा अर्थ तिथं काहीही चालतं असं नाही. ड्रॉप शॅडो, फेदर आणि गॉसियन ब्लर हे इफेक्ट इलस्ट्रेटरमध्येही रॅस्टरच आहेत. कोरलची सवय असलेला माणूस पहिल्या दहा फायलींत हमखास तिथंच अडकतो. सावली हवी तर वेगळा आकार काढा, गडद रंग भरा, मल्टिप्लाय लावा.

पिक्सेलचा हिशोबही ईपीएसमध्येच फसतो. इंकस्केप एका इंचात 96 पिक्सेल धरतं, ईपीएस 72 पॉइंट. म्हणून इंकस्केपमध्ये 4000 बाय 4000 चं पान घेतलं तरी ईपीएसमध्ये ते 3000 बाय 3000 होतं, म्हणजे 90 लाख पिक्सेल. शटरस्टॉकला किमान 40 लाख लागतात, तिथं हे निभतं. अ‍ॅडोब स्टॉकला किमान दीड कोटी लागतात, तिथं फाइल आकारावरूनच परत येते आणि माणूस चित्रात दोष शोधत बसतो. ईपीएसच द्यायची असेल तर इंकस्केपमध्ये 5400 बाय 5400 चं पान घ्या. त्याचे 4050 पॉइंट होतात, साधारण 1 कोटी 64 लाख. इलस्ट्रेटरमध्ये 4000 म्हणजे 4000 च.

इंकस्केपची बाजू घेणारे इथं म्हणतील, ईपीएस कशाला, एसव्हीजी (इंकस्केप स्वतः ज्यात सेव्ह करतं ती व्हेक्टर फाइल) द्या. बरोबर आहे. अ‍ॅडोब स्टॉक एसव्हीजी घेतं, आणि एसव्हीजीमध्ये ओपॅसिटी शाबूत राहते. पान पिक्सेलमध्ये ठेवा, स्केल 1 ठेवा, सेव्ह करताना 'प्लेन एसव्हीजी' निवडा. त्याआधी अक्षरं आणि पाथ इफेक्ट साध्या पाथमध्ये बदला, क्लोन (मूळ आकाराला जोडलेल्या नकला) असतील तर शिफ्ट-ऑल्ट-डी दाबून सोडवा, जाड रेघांना स्ट्रोक टू पाथ करा, नाहीतर घेणाऱ्यानं चित्र लहान केलं की रेघ तेवढीच जाड राहते. मेश ग्रेडियंट (जाळीवर पसरवलेला रंग) मात्र वापरू नका, इंकस्केपबाहेर तो दिसत नाही. एवढं केलं तर फाइल स्वच्छ जाते, यात शंका नाही. फक्त दार एकच उघडतं. शटरस्टॉकला ईपीएसच लागते. एक चित्र काढायला दोन दिवस घालवल्यावर ते एकाच हाटात नेऊन बसायचं, हे काही पटत नाही.

आता काय काढणार त्यावरही बरंच आहे. पैठणीचे काठ, नारळी, आसावली, बांगडी-मोर, हे मुळात विणकाम. धागा एक रंगाचा किंवा दुसऱ्या रंगाचा, त्यात पारदर्शक काही नसतंच. असे सपाट रंगाचे काठ आणि चौकोनी टाइल इंकस्केपमधून ईपीएसलाही बिटमॅप न होता निघतात, आणि टाइल जुळते का हे बघायला त्याचे टाइल्ड क्लोन मला तरी इलस्ट्रेटरच्या पॅटर्नपेक्षा सोपे वाटतात. सपाट रंगाचे आयकॉन, पोळ्याचे सजवलेले बैल, संबळ वाजवणारा गोंधळी, हेही त्याच जातीचं. जिथं मिसळ हवी तिथं ओपॅसिटी न लावता मिसळलेला रंग आयड्रॉपरनं उचलायचा आणि आकार डिव्हिजननं कापून त्यात भरायचा. वेळ लागतो, पण फाइल घेणाऱ्याला आवडते. वेरूळच्या लेण्यांमधला उजेड, धुकं, काचेची हंडी, दिव्याची आभा काढायची असेल तर मात्र हा कापाकापीचा धंदा लवकर जीवावर येतो.

पैशाचं बोलायचं तर अ‍ॅडोब स्टॉकवर व्हेक्टरच्या विक्रीत आपला वाटा 33 टक्के, आणि वर्गणीवाल्या गिऱ्हाइकानं उतरवलेल्या चित्राला किमान 0.33 डॉलर. म्हणजे इलस्ट्रेटरचं महिन्याचं भाडं जितके डॉलर, त्याच्या तिप्पट डाउनलोड झाले की फक्त भाडं सुटतं. शटरस्टॉकवर वाटा 15 ते 40 टक्क्यांच्या पायऱ्यांचा, आणि दर 1 जानेवारीला प्रत्येक जण पुन्हा तळाच्या पायरीवर. खात्यात 30-40 चित्रं असताना हे भाडं सुटणं अवघड आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. दुसरं, इलस्ट्रेटरचे पैसे महिन्याला कापले जातात म्हणून योजना महिन्याची आहे असं समजू नका. 'वार्षिक करार, पैसे महिन्याला' अशी योजना घेऊन 14 दिवसांनंतर सोडली तर उरलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. सोयाबीनचा भाव बघून खर्च ठरवणाऱ्या घरात हे कलम आधी वाचलेलं चांगलं.

म्हणून माझा सल्ला थोडा तिरका आहे. सुरुवात इंकस्केपवर करा, पण फाइल अशी ठेवा की उद्या इलस्ट्रेटरमध्ये उघडून लगेच ईपीएस करता येईल. ब्लर नाही, मेश नाही, लेयरला नीट नावं. 60-70 चित्रं जमली की करार नसलेली महिन्याची योजना घ्या. ती थोडी महाग पडते, पण एकच महिना हवा असतो. सगळ्या एसव्हीजी उघडा, डॉक्युमेंटचा रंग आरजीबी (पडद्याचे रंग) आहे का बघा, कारण फ्लेक्सच्या सवयीनं हात सीएमवायकेकडं (छपाईच्या रंगांकडं) जातो. सिलेक्ट मेन्यूतून स्ट्रे पॉइंट्स निवडून पुसा, आणि इलस्ट्रेटर 10 ईपीएस म्हणून सेव्ह करा. पहिल्या फाइलवर हे करताना अ‍ॅक्शन रेकॉर्ड केली तर उरलेल्या फायली बॅचला लावून चहा प्यायला जाता येतं. त्या महिन्यात थेट इलस्ट्रेटरमध्येच दोन-चार चित्रं काढूनही बघा. त्यानंतर बरेच जण परत येत नाहीत असा माझा अंदाज आहे, आणि खरं सांगायचं तर माझंही मन तिकडंच आहे. स्वच्छ ईपीएस एका सेव्हमध्ये निघणं ही सोय एकदा अंगवळणी पडली की कैरोच्या क्लिपिंगशी भांडायची इच्छा राहत नाही. तुमचं सगळं काम सपाट काठांचं आणि आयकॉनचं असेल, किंवा एकच दार पुरत असेल, तर माझं ऐकायची गरज नाही.

ठरवायच्या आधी एक चाचणी घरीच होते. तुमच्या नेहमीच्या कामातलं, सावली आणि पारदर्शक रंग असलेलं एक चित्र इंकस्केपमध्ये आणा आणि ईपीएस म्हणून सेव्ह करा. ती ईपीएस कोरलमध्ये इंपोर्ट करा, विचारलं की एडिटेबल म्हणा, आणि सगळं अनग्रुप करा. मग सावलीवर क्लिक करून खालच्या स्टेटस बारकडं बघा. तिथं कर्व्ह लिहून आलं तर इंकस्केपवर निर्धास्त चला. बिटमॅप लिहून आलं तर तपासणीवाल्यालाही तेच दिसणार आहे.