खलनायकावर विश्वास ठेवायचा तरी कधी? थंडरबोल्ट्स, सुसाइड स्क्वॉड आणि सुपीरियर स्पायडरमॅन

वाल्याचा वाल्मीकी झाला ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण वाल्याने ज्यांना लुटलं ते वाटसरू त्या गोष्टीत पुढे कुठेच भेटत नाहीत. वाल्या तपाला बसतो, अंगावर वारूळ चढतं आणि त्यातून थेट ऋषी बाहेर पडतो. त्याच रानातून पुन्हा जायची वेळ आली तेव्हा लोकांनी त्याच्यावर भरवसा ठेवला का, आणि ठेवला तर कशाच्या जोरावर, याबद्दल गोष्ट काहीच बोलत नाही.

अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समध्ये (मार्व्हल आणि डीसी हे त्यांचे दोन मोठे प्रकाशक) याच प्रश्नावर काही चांगल्या मालिका लिहिल्या गेल्या आहेत. त्यातल्या तीन इथे शेजारी शेजारी ठेवतो: मार्व्हलची 1997 ची ‘थंडरबोल्ट्स’, डीसीची 1987 ची ‘सुसाइड स्क्वॉड’ आणि मार्व्हलचीच 2013 ची ‘सुपीरियर स्पायडरमॅन’. तिन्ही लांब आहेत, आणि नोकरी-संसार सांभाळून वाचणाऱ्याला यातली एकच आधी हातात घेता येते. सुरुवातीची रहस्यं फोडल्याशिवाय यांच्याबद्दल बोलता येणार नाही, तेवढी फोडतो. शेवट मात्र सांगणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खलनायक सुधारतो म्हणजे काय, हे वाचायचं असेल तर ‘थंडरबोल्ट्स’ने सुरुवात करा. अंकामागून अंक सरस लेखन हवं असेल तर ‘सुसाइड स्क्वॉड’ घ्या. सुपरहिरो कॉमिक्सशी फारशी ओळखच नसेल तर ‘सुपीरियर स्पायडरमॅन’ सगळ्यात सोपं पडेल.

‘थंडरबोल्ट्स’ची सुरुवात नीट समजून घेण्यासारखी आहे. 1996 च्या ‘ऑनस्लॉट’ या मोठ्या कथानकाच्या शेवटी अव्हेंजर्स आणि फँटास्टिक फोर हे मार्व्हलचे दोन मोठे नायक-गट मेले, असा जगाचा समज होतो. न्यूयॉर्क मोडकळीला आलेलं असतं आणि लोकांना वाली उरलेला नसतो. अशा वेळी सहा जणांचा एक नवा गट पुढे येतो. ‘इन्क्रेडिबल हल्क’च्या 449 व्या अंकात ते पहिल्यांदा दिसले आणि एप्रिल 1997 मध्ये त्यांचा स्वतःचा अंक आला. लेखक कर्ट ब्युसिक, चित्रकार मार्क बॅगली. अंकभर ते लुटारूंना पिटाळतात, लोकांच्या मदतीला धावतात आणि शहर त्यांना डोक्यावर घेतं. शेवटच्या पानावर कळतं की त्यांचा नेता सिटिझन व्ही म्हणजे अव्हेंजर्सचा जुना शत्रू बॅरन हेल्मुट झेमो आहे आणि बाकीचे त्याच्या ‘मास्टर्स ऑफ ईव्हिल’ टोळीचे सदस्य. यातले बहुतेक जण 1980 च्या दशकात अव्हेंजर्सचं राहतं घर काबीज करणाऱ्या टोळीत होते. त्या हल्ल्यात अव्हेंजर्सच्या बटलरला, जार्विसला, जिवानिशी जायची वेळ आली होती. मार्व्हलने हे गुपित अंक बाजारात येईपर्यंत जपलं होतं. त्यामुळे 1997 च्या वाचकाने न्यूयॉर्कच्या लोकांइतकाच भाबडेपणाने त्यांच्यावर विश्वास टाकला, आणि त्यांच्याइतकाच तो फसला.

झेमोचा डाव असा की लोकांचं मन जिंकायचं, सरकारी गुपितांपर्यंत पोहोचायचं आणि मग जगावर ताबा मिळवायचा. डाव यशस्वीही होत जातो. फँटास्टिक फोरचं मुख्यालय असलेली फोर फ्रीडम्स प्लाझा ही इमारत शहर त्यांच्या हवाली करतं. पण झेमोने एक गोष्ट हिशेबात धरलेली नसते. ज्यांना जन्मभर शिव्याच मिळाल्या, त्यांना कुणी मनापासून धन्यवाद दिले तर त्यांच्या आत काय हलतं? ब्युसिकने ही हालचाल प्रत्येकात वेगळी दाखवली आहे. मेलिसा गोल्ड, पूर्वीची स्क्रीमिंग मिमी आणि आता साँगबर्ड, हळूहळू ताठ मानेने उभी राहायला शिकते. एरिक जोस्टन ऊर्फ अ‍ॅटलस आयुष्यभर कुणाच्या तरी हुकुमाखाली वागलेला माणूस. महापौरांच्या कार्यालयातल्या डॅलस रिओर्डनवर त्याचा जीव जडतो आणि तिच्याशी रोज खोटं बोलणं त्याला असह्य होऊ लागतं. मेटिओराइट म्हणवणारी कार्ला सोफेन मानसोपचारतज्ज्ञ आहे. इतरांची मनं वाचून ती त्यांना खेळवत राहते, आणि ती बदलते आहे की बदलल्याचं नाटक करते आहे, हे वाचकाला शेवटपर्यंत ठामपणे सांगता येत नाही.

यात हॅली टाकाहामा येते. ऑनस्लॉटच्या धुमाकुळात घरचे गमावलेली पोरगी, पुढे तिचं नाव जोल्ट. हे खरे नायक आहेत असं समजून ती त्यांच्यात सामील होते. मालिकेतलं माझं सर्वात आवडतं पात्र हेच. एका निरागस मुलीसमोर चांगलं वागण्याचं नाटक करता करता ती माणसं तसं वागायला लागतात, आणि हे ब्युसिकने कुठेही भाषण न ठोकता दाखवलं आहे.

दहाव्या अंकात झेमो स्वतःच सगळ्यांची ओळख जगापुढे उघडी करतो, कारण माणसं हातातून निसटत चालली आहेत हे त्याच्या लक्षात आलेलं असतं. मला विचाराल तर मालिका खऱ्या अर्थाने इथून सुरू होते. खोट्या नावाने कमावलेला विश्वास एका दिवसात शून्य होतो. उलट लोकांचा राग दुप्पट होतो, कारण आता जुन्या गुन्ह्यांवर फसवणुकीची भर पडलेली असते. तेच लोक, पण या वेळी खऱ्या नावाने नव्याने सुरुवात. पुढे 1998 च्या अखेरीस अव्हेंजर्समधला धनुर्धारी हॉकाय त्यांचं नेतृत्व करायला येतो. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. हॉकाय स्वतः 1964 मध्ये आयर्न मॅनचा शत्रू म्हणून अवतरला होता आणि पुढच्याच वर्षी त्याला अव्हेंजर्समध्ये घेतलं गेलं. त्याला मिळालेली संधी तो यांना देऊ पाहतो, पण एक अट घालतो. माक-वन म्हणजे पूर्वीचा बीटल, एबनर जेन्किन्स, याच्या नावावर खून आहे. त्याने पोलिसांच्या स्वाधीन व्हावं आणि शिक्षा भोगावी. जेन्किन्स जातो. जिच्यावर त्याचं प्रेम आहे त्या साँगबर्डला मागे ठेवून, पुन्हा कधी बाहेर येऊ याची खात्री नसताना जातो. चांगलं वागलात म्हणून मागचा गुन्हा पुसला जात नाही, हे ही मालिका कागदावर उतरवते.

त्रुटीही आहेत. 1990 च्या दशकातली लिहिण्याची पद्धत आज जड वाटते: पानं शब्दांनी भरलेली, पात्रं मनातल्या मनात बरंच बोलतात आणि जुन्या अंकांचे संदर्भ सतत येतात. बॅगलीची चित्रं स्वच्छ आणि वेगवान आहेत, त्यामुळे निभावतं. तरी पहिले दोन-तीन अंक नेटाने वाचावे लागतील.

‘सुसाइड स्क्वॉड’चा पाया अगदी वेगळा आहे. जॉन ऑस्ट्रँडरने लिहिलेली ही मालिका मे 1987 मध्ये सुरू झाली आणि 66 अंक चालून 1992 मध्ये थांबली. सुरुवातीचे चित्रकार ल्यूक मॅकडॉनेल, आणि पुढे लेखनात किम येलही सहभागी झाल्या. लुइझियानातल्या बेल रीव्ह तुरुंगातल्या खलनायकांना सरकार गुप्त मोहिमांवर पाठवतं. जिवंत परतलात तर शिक्षा माफ. पळालात तर मनगटावरचं स्फोटक कडं फुटणार. हे कडं म्हणजे पोकळ धमकी असेल असं कुणाला वाटत असेल तर नवव्या अंकात स्लिपनॉटचं काय होतं ते पाहा.

इथे जनतेच्या विश्वासाचा प्रश्न येतच नाही, कारण जनतेला या पथकाचा पत्ताच नाही. कुणी टाळ्या वाजवणार नाही, कुणी माफ करणार नाही. मग बदलायचं कुणासाठी? अचूक नेमबाज मारेकरी डेडशॉट तर मरायलाच निघालेला माणूस आहे. कॅप्टन बूमरँग भित्रा, लबाड, स्वार्थी, आणि त्याच्यात काही फरक पडेल असा भ्रम ऑस्ट्रँडर वाचकाला होऊ देत नाही. संधी मिळाली तरी काही माणसं ती घेत नाहीत, हे इतक्या सरळपणे सांगणारी सुपरहिरो मालिका विरळा. उलट ब्राँझ टायगर, ज्याचं मन दुसऱ्यांनी ताब्यात घेऊन त्याला मारेकरी बनवलं होतं, तो स्वतःला सावरायला जिवापाड धडपडतो. आणि या सगळ्यांवर अमांडा वॉलर. शिकागोच्या गरीब वस्तीतली विधवा, नवरा आणि मुलं गमावलेली, कुणापुढे मान न तुकवणारी. ती सरकारची माणूस आहे, पण तिच्या हातून घडतं ते सगळं कैद्यांच्या गुन्ह्यांपेक्षा चांगलं म्हणता येईल का, हा प्रश्न मालिका सोडत नाही.

या मालिकेतली दोन कथानकं आवर्जून सांगावीशी वाटतात. चौथ्या अंकातला विल्यम हेल हा लोकांचा लाडका रक्षक आहे. पण तो फक्त गौरेतर गुन्हेगारांना पोलिसांच्या हाती देतो आणि गोऱ्यांना आपल्या वर्णद्वेषी संघटनेत ओढतो. लोकांच्या गळ्यातल्या या ताइताला उघडं पाडायला तुरुंगातले खलनायक पाठवले जातात. पाचव्या ते सातव्या अंकात पथक सोव्हिएत रशियातल्या एका बंडखोर लेखिकेला सोडवायला जातं, आणि तिथे गेल्यावर कळतं की तिला सुटायचंच नाही. त्यानंतर जे होतं त्यात जिंकलं कोण, हे सांगणं अवघड आहे.

शीतयुद्धाचं राजकारण ठायी ठायी येतं आणि काही परदेशी शत्रूंचं चित्रण आज ढोबळ वाटेल. शिवाय चित्रपट पाहून येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: या 66 अंकांत हार्ली क्विन नाही. तिचा जन्मच 1992 च्या सप्टेंबरचा, बॅटमॅनच्या अ‍ॅनिमेशन मालिकेतला.

‘सुपीरियर स्पायडरमॅन’बद्दल थोडक्यात. स्पायडरमॅनचा जुना शत्रू, मरणाच्या दारात असलेला डॉक्टर ऑक्टोपस, म्हणजे ऑटो ऑक्टेव्हियस, स्पायडरमॅनच्या म्हणजे पीटर पार्करच्या शरीरात शिरतो आणि ठरवतो की मी पीटरपेक्षा वरचढ स्पायडरमॅन होऊन दाखवेन. लेखक डॅन स्लॉट. शहरभर टेहळणी करणारे यांत्रिक कोळी, वेळापत्रकानुसार गस्त, अर्धवट राहिलेली पीटरची डॉक्टरेट पूर्ण करणं. कामाच्या बाबतीत ऑटो खरोखर सरस आहे. वर्षानुवर्षं स्पायडरमॅनवर खार खाऊन असलेला जे. जोना जेमसन आता महापौर असतो आणि तोसुद्धा खूश होतो. पाचव्या अंकात ऑटो एका हतबल झालेल्या खुन्याला गोळी घालतो, आणि विश्वास कशाला म्हणायचं असा प्रश्न वाचकापुढे उभा राहतो. प्रबंधाचं उपकथानक फार सुरेख आहे: ऑटोच्या जुन्या संशोधनाची चोरी केल्याचा आरोप त्याच्यावर, म्हणजे ऑटोवरच, येतो आणि स्वतःचं नाव घेऊन बचाव करायची सोय त्याला उरत नाही. ऑटोचा जिच्यावर जीव जडतो त्या अ‍ॅना मारिया मार्कोनीबरोबरचे प्रसंगही हळवे आणि खरे आहेत.

तरीही सुधारणेची गोष्ट म्हणून मी हिला तिसरा क्रमांक देतो. ऑटोला मिळणारा विश्वास दुसऱ्याने आयुष्यभर कमावलेला आहे. जेन्किन्ससारखी आपल्या नावाची किंमत त्याला मोजावी लागत नाही, निदान बराच काळ तरी नाही. पण वेग, विनोद आणि ताजी मांडणी यांत ही तिन्हींत पुढे आहे. मूळ मालिका 31 अंकांत संपते, आणि स्पायडरमॅन कोण हे माहीत असलं की बाकी फारसं काही माहीत असावं लागत नाही. कॉलेजातल्या मुलामुलीला भेट द्यायची असेल तर डोळे मिटून हीच द्या.

घरात किशोरवयीन वाचक असेल तर एक सूचना. ‘सुसाइड स्क्वॉड’मधलं वातावरण उदास आहे आणि पात्रं खरोखर मरतात, चौदा-पंधराच्या आधी नको. ‘थंडरबोल्ट्स’ला तशी अडचण नाही.

2025 चा ‘थंडरबोल्ट्स’ चित्रपट आवडला म्हणून कॉमिककडे वळणार असाल, तर चित्रपटातल्या येलेना बेलोवा, बकी यांना या मालिकेत शोधू नका. मूळ सहांपैकी एकही त्या चित्रपटात नाही.

कुठून कुठपर्यंत वाचायचं, तेही सांगतो. ‘थंडरबोल्ट्स’चे पहिले बारा अंक म्हणजे एक पूर्ण कथा. तेवढे वाचून आवडलं नाही तर सोडून द्या, काही अपुरं राहणार नाही. आवडलं तर ब्युसिकचा 33 वा अंक येईपर्यंत थांबू नका, आणि मग फॅबियन निसिएझाने सांभाळलेले 75 पर्यंतचे अंक घ्या. त्यातला पन्नासावा चुकवू नका, माफी कुणाला मिळते आणि तिची किंमत कोण देतं ते तिथे कळतं. 76 पासून मालिका वेगळ्याच पात्रांची होते, तिथे थांबलात तरी चालेल. 2007 पासूनचं वॉरन एलिसचं पर्व, ज्यात स्पायडरमॅनचा शत्रू नॉर्मन ऑस्बॉर्न याच्या हाताखाली सरकारच खलनायकांना नायक म्हणून लोकांच्या गळी उतरवतं, ते मूळ मालिका वाचल्यानंतरच वाचा. साँगबर्ड तिथेही आहे, आणि तिने इथवर काय सोसलंय हे माहीत असल्याशिवाय त्या अंकांमधली तिची घुसमट पोहोचत नाही.