लक्स-२ ची बाहेरची ड्राइव्ह, काही महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण ही १ जीबीची भानगड

२ टीबीची यूएसबी डिस्क, वर लक्स-२ (लिनक्सवर अख्खी डिस्क कुलूपबंद करायची पद्धत), आत एक्स्ट-४ (लिनक्सची फाइल-व्यवस्था). वेगाबद्दल तक्रार नाही. प्रोसेसरमध्ये एईएसची (नेहमीच्या एन्क्रिप्शन पद्धतीची) सोय असेल तर फिरत्या डिस्कवर एन्क्रिप्शनचा भार जाणवतही नाही. गाडी अडली ती भलतीकडे. १६ जीबीच्या डेस्कटॉपवर मुकाट उघडणारी ही डिस्क १ जीबी मेमरीच्या रास्पबेरी पाय ३ या चिमुकल्या संगणकावर उघडायलाच तयार नाही. पासवर्ड बरोबर, केबल बरोबर, वीजही पुरेशी. ग्राफिकल खिडकीवर फार विसंबू नका. टर्मिनलवरून क्रिप्टसेटअप (लक्स हाताळणारा हुकूम) चालवलं की खरं कारण कळतं: कीस्लॉट, म्हणजे डिस्कची किल्ली पासवर्डखाली बंद ठेवणारा कप्पा, उघडायला मेमरी पुरत नाही.

लक्स-२ मध्ये पासवर्डपासून किल्ली काढायचं काम आर्गॉन-२-आयडी करतो, आणि तो मुद्दाम मेमरी खातो, म्हणजे ग्राफिक्स कार्डांच्या जोरावर पासवर्ड ओळखू पाहणाऱ्याला ते महाग पडावं. किती मेमरी खायची हे डिस्क फॉरमॅट करताना ठरतं, त्याच मशीनची चाचणी घेऊन. कमाल मर्यादा १ जीबी, किंवा मशीनच्या मेमरीच्या निम्मी, जी कमी असेल ती. म्हणजे दणकट डेस्कटॉपवर डिस्क तयार केली की तो आकडा हेडरमध्ये, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या माहितीत, बसला. लक्सडम्प हुकूम चालवा, कीस्लॉटखाली 'मेमरी' समोर १०४८५७६ दिसेल. हे केबी आहेत, म्हणजे पूर्ण १ जीबी. पायकडे एकूणच तेवढी, त्यात कर्नल आणि बाकीचा पसारा. उघडणार कुठून?

काढून नेता येणारी डिस्क दुसऱ्या मशीनला लागणार, हे उघड आहे. तरी डेस्कटॉपवरच्या डिस्क टूलमध्ये हा आकडा विचारतच नाहीत. माझा सगळा राग यावर आहे.

आधी वाटलं, लक्स-१ वरच परतावं. तिथे पीबीकेडीएफ-२ (किल्ली काढायची जुनी पद्धत) असतं, त्याला फारशी मेमरी लागत नाही. पण नव्यानं फॉरमॅट करायचं तर डिस्क रिकामी करून पुन्हा भरायची, आणि २ टीबीची ने-आण एका संध्याकाळीत आटोपत नाही. गरजही नाही, कारण लक्स-२ मध्ये हा हिशेब प्रत्येक कीस्लॉटचा वेगळा असतो आणि तो डेटाला हात न लावता बदलता येतो.

काम डेस्कटॉपवरच करायचं. आधी लक्स-हेडर-बॅकअप घ्या. फाइल साधारण १६ एमबीची होते, ती दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मग लक्स-कन्व्हर्ट-की, त्याला पीबीकेडीएफ-मेमरी १३१०७२ द्या, म्हणजे १२८ एमबी. इथे एक खोच आहे. मेमरी कमी केली की क्रिप्टसेटअप किल्ली काढायचे ठरलेले २ सेकंद भरून काढायला हिशेबाच्या फेऱ्या वाढवतो. डेस्कटॉपचे २ सेकंद म्हणजे पायवर बराच वेळ ताटकळणं. म्हणून फेऱ्याही हातानं ठरवा: पीबीकेडीएफ-फोर्स-इटरेशन्स ४. त्याहून कमी आर्गॉन घेत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे जुना स्लॉट तसाच ठेवून लक्स-ॲड-की नं हलका स्लॉट जोडायचा. पण उघडताना जुन्या स्लॉटशी गाठ पडून तीच मेमरीची रड येऊ शकते, म्हणून नव्याला कॉन्फिग हुकमानं 'प्रेफर' प्राधान्य द्या, किंवा उघडताना स्लॉटचा क्रमांक सांगा. आणि हल्लेखोर नेहमी कमजोर स्लॉटच धरणार, तेव्हा हलक्या स्लॉटचा पासवर्ड लांब हवा. ७७७६ शब्दांच्या यादीतून फाशांनी काढलेले सहा शब्द म्हणजे सुमारे ७७ बिट्सची अनिश्चितता. तेवढं असेल तर १ जीबी मेमरीचा हट्ट धरायचं कारण उरत नाही. आता माझं मत असं की काढत्या-घालत्या डिस्कला एकच हलका स्लॉट आणि लांब पासवर्ड पुरे. हेडरचा जुना बॅकअप मात्र पुसून नवा घ्या. जुन्यात जुनेच स्लॉट असतात, जुन्या पासवर्डनं उघडणारे.

पाय ४ पर्यंतच्या पाय-मॉडेलांच्या प्रोसेसरमध्ये एईएसची सोय नाही, त्यामुळे तिथे वेग पडतोच. डिस्क फक्त पायलाच लावायची असेल तर फॉरमॅट करतानाच ॲडियान्टम सायफर (एईएसच्या सोयीविना वेगानं चालणारी एन्क्रिप्शन पद्धत) निवडा.

बाकी थोडक्यात. टर्मिनलवरून नुसतं अनमाउंट केलं तर कुलूप लागत नाही, किल्ली कर्नलच्या मेमरीत राहते. यूडिस्क्सचं (लिनक्सच्या डिस्क हाताळणाऱ्या सेवेचं) लॉक आणि मग पॉवर-ऑफ, असा क्रम ठेवा. फाइल मॅनेजरमधलं 'इजेक्ट' हे सगळं करतं, पण कॉपीची पट्टी भरली म्हणून लगेच केबल ओढू नका, बराच डेटा अजून मेमरीत असतो. एक्स्ट-४ वर फाइलींची मालकी अंकांत असते. एका मशीनवर तुमचा क्रमांक १००० आणि दुसरीकडे १००१ असेल तर 'परवानगी नाही' येणारच. विंडोजला ही डिस्क लावली तर ते फॉरमॅट करू का विचारतं. तिथे 'हो' म्हटलं की हेडर जाऊ शकतं. लक्स-२ माहितीच्या दोन प्रती ठेवतं, पण कीस्लॉटचा खरा डेटा एकाच जागी असतो. बॅकअप त्यासाठीच.

मराठी कीबोर्डवाल्यांना एक सूचना: पासवर्ड टाकताना इनस्क्रिप्ट चालू राहिलं तर जातात ते निराळेच बाइट्स, आणि खिडकीत दिसतात फक्त ठिपके. तीनदा 'चूक' आलं की आधी कोपऱ्यातली भाषा बघा, मग डिस्कवर संशय घ्या.