नागपुरात समुद्र कालवताना: मिठाचा पंधरा महिन्यांचा अनुभव

घरी समुद्री माशांची टाकी आहे, तिचं पाणी मी मीठ कालवून बनवतो. पंधरा महिन्यांत तीन मिठं झाली. पहिलं दुकानदाराने सुटं बांधून दिलेलं, दुसरं भारीतलं ‘कोरल’वालं, आणि गेले सहा महिने चालू आहे ते तिसरं: दुसऱ्याहून स्वस्त, बादलीवर फारसा गाजावाजा नसलेलं. आता याच्यावरच थांबणार आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही. माझे बहुतेक घोळ मिठाचे नव्हतेच, पाण्याचे, उन्हाचे आणि माझे होते. तुम्ही बादलीवरचं नाव सोडून मागच्या बाजूचे आकडे वाचलेत तर जास्त उपयोग होईल.

टाकी तीन फुटांची, दीड बाय दीड. दगड, वाळू वजा जाता आणि खालचा सम्प (फिल्टरची टाकी) धरून साधारण १८० लिटर पाणी. क्लाउनफिशची जोडी, एक गोबी मासा, झोआंचे (बटणांसारखी छोटी प्रवाळं) चार-पाच पुंजके, मशरूम कोरल आणि एक लेदर कोरल. म्हणजे सगळी मऊ प्रवाळं. कठीण प्रवाळं ठेवलेली नाहीत. खडक बांधणारी सगळी प्रवाळं आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. दुकानात कोणी ‘स्वस्तात देतो’ म्हणालं तरी हात लावू नका. ही गोष्ट मिठाशी कशी जोडलेली आहे ते पुढे येईल.

आधी शेजारच्या काकांचा प्रश्न, कारण तो प्रत्येक पाहुणा विचारतो. ‘काऊन गा, मीठच टाकायचं ना? मंग किराण्यातलं खडेमीठ काय वाईट हाय?’ वाईट काही नाही, पण ते समुद्राचं सगळं मीठ नव्हे. मिठागरात पाणी आटत जातं तसं कॅल्शियम सल्फेट आधी बसतं, मग खाण्याचं मीठ बसतं, आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम उरलेल्या कडवट पाण्याबरोबर निघून जातं. म्हणजे पोह्यांना जे हवं तेच आपल्याकडे येतं. टाकीला बाकीचंही लागतं. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाज जगभर फिरलं, त्याने आणलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि दिसलं की खारटपणा कुठे कमी, कुठे जास्त असला तरी मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे जवळजवळ तेच. मसाला कमी-जास्त, पण पाककृती एकच. अॅक्वेरियमचं मीठ म्हणजे ही पाककृती कोरडी करून डब्यात भरलेली. हजार ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आसपास, मॅग्नेशियम १३०० च्या जवळ आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, साधारण ७ डीकेएच (हे तिचं एकक). हे चार आकडे मी फ्रिजवर चिकटवून ठेवलेत.

काकांचा दुसरा सल्ला समृद्धीवरून जाऊन मुंबईचं पाणी भरून आणण्याचा होता. ७०१ किलोमीटर. दर पंधरा दिवसांनी.

आता मिठांकडे. पहिलं मीठ सीताबर्डीच्या बाजूच्या एका दुकानातून किलो-किलोच्या पिशव्यांत घेतलं. मोठी बादली फोडून सुटं विकतात. नवीन माणसाला बरं वाटतं, आधीच खर्च झालेला असतो. पण बादली शेकडो किलोमीटर हलत येते तेव्हा बारीक भुकटी खाली बसते आणि जाड दाणे वर राहतात. सगळे क्षार एकाच आकाराचे नसतात. वरच्या किलोत आणि तळाच्या किलोत फरक पडतोच. माझ्या एका पिशवीत अल्कलिनिटी ६.५ आली, महिन्याभराने त्याच दुकानातल्या पिशवीत १०. तीन महिने मी टेस्ट किटला शिव्या घालत होतो. पूर्ण बादली परवडत नसेल तर दोघा-तिघांत मिळून घ्या, पण उघडण्याआधी ती आडवी पाडून चांगली दहा-पंधरा वेळा लोळवा. हे मी आता प्रत्येक बादलीला करतो, बायको म्हणते बाळाला झोपवतोयस की काय.

दुसरं मीठ फेब्रुवारीत आणलं, सुट्याच्या जवळपास दीडपट भावाचं. बाजारात बऱ्याच कंपन्यांची दोन-दोन मिठं असतात: एक साधं, एक प्रवाळांसाठी. इन्स्टंट ओशनचं साधं मीठ आणि त्यांचंच रीफ क्रिस्टल्स, रेड सीचं साधं आणि कोरल प्रो, अशा जोड्या. प्रवाळांसाठीच्या मिठात अल्कलिनिटी आणि कॅल्शियम मुद्दाम चढं ठेवलेलं असतं. माझ्या बादलीवर १२ डीकेएच लिहिलं होतं आणि सुरुवातीला किटवरही तेवढंच आलं. मीठ लिहिल्याबरहुकूम होतं, तक्रारीला जागा नाही. चुकीचं होतं ते माझ्या टाकीसाठी.

कठीण प्रवाळं सांगाडा बांधायला कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतात. अल्कलिनिटी २.८ डीकेएच खाली आली की कॅल्शियम साधारण २० पीपीएम खाली येतं, हा हिशोब पक्का. ज्यांच्याकडे असा खप आहे त्यांना चढं मीठ उपयोगी पडतं, पाणी बदललं की तूट थोडी भरून निघते. माझ्याकडे खाणारं कोण? दगडावरचं थोडं गुलाबी शेवाळ, बस्स. टाकी ७.८ वर निवांत बसलेली. त्यात दर पंधरवड्याला ३६ लिटर, म्हणजे २० टक्के पाणी १२ चं ओतलं की अल्कलिनिटी एका दुपारी ०.८ ने वर. पुढच्या वेळी अजून वर. एप्रिलच्या शेवटी टाकी १० च्या पुढे गेली होती, आणि प्रत्येक बदलानंतर झोआ दोन-तीन दिवस मिटून बसायचे. सगळा दोष अल्कलिनिटीचाच असं छातीठोकपणे म्हणणार नाही, लेदर कोरल तर अधूनमधून असंच रुसतं आणि अंगावरची साल टाकतं. पण मीठ बदलल्यावर झोआंचं मिटणं थांबलं, हे पाहिलं आहे. लग्नाच्या पंगतीचं जेवण दोन माणसांच्या घरी रोज मागवलं तर जे होईल ते माझं झालं.

आणि मग मे आला.

नागपूरचा मे मी सांगायला नको. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी नळाला येतं तेव्हा भांडी घासणाऱ्या बाईसुद्धा ‘भाऊ, पाणी कोणी तापवलं?’ म्हणतात. तेच पाणी आरओमधून ड्रममध्ये पडलं, ३८-३९ अंशांचं. मी घाईत होतो, आधी मीठ ड्रममध्ये ओतलं आणि वरून पाणी सोडलं. दूध झालं. वाटलं रात्रभर पंप चालला की निवळेल. सकाळी निवळलं, पण ड्रमच्या कडांवर पांढरा थर. लिंबू पिळलं तर फसफसला. कॅल्शियम कार्बोनेट. किटवर अल्कलिनिटी १२ च्या जागी ९, कॅल्शियमही २०-२५ ने कमी. साखर गरम पाण्यात पटकन विरघळते म्हणून मीठही तसंच, असं आपण धरून चालतो. कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे, पाणी जितकं गरम तितकं ते बाहेर पडायला बघतं. त्यात मिठाच्या ढिगावर पाणी सोडलं की सुरुवातीच्या त्या दाट द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट समोरासमोर येतात आणि बसतात. चढ्या मिठात हे जास्त लवकर होतं, दोन्ही गोष्टी आधीच काठोकाठ असतात.

तेव्हापासूनची पद्धत: आरओचं पाणी पहाटे भरायचं, ड्रम घरात सावलीला ठेवायचा, २७-२८ अंशांवर आला की पंप चालू, आणि मीठ पाण्यात, मूठ-मूठ. कधीही पाणी मिठावर नाही. माझ्या मिठाला लिटरमागे ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे ३६ लिटरला १ किलो ३६८ ग्रॅम. वजन करूनच. वाटीने मोजू नका.

वजनावरून कूलर आठवला. नागपूरची उन्हाळी हवा इतकी कोरडी की कपडे अर्ध्या तासात वाळतात, म्हणून मी मिठाच्या बादलीबद्दल निर्धास्त होतो. बादली हॉलमध्ये, कूलर हॉलमध्ये. बाहेर कोरडं, आत दिवसरात्र वाळ्याचा ओला वारा. मिठातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतं. जूनच्या आतच वरचा थर गोठला, जुलैत खाली दगड. नेहमीच्या वजनाने कालवलं तर खारटपणा ३५ ऐवजी ३३ निघाला. वजनात मीठ कमी, पाणी जास्त मोजलं जात होतं. शेवटचे तीन-चार किलो फेकले. आईने बरणीतल्या मिठात घालतो तसे तांदळाचे दाणे घालायला सांगितले होते, पण टाकीत तांदळाचं पीठ नको. आता मीठ दुहेरी पिशवीत तोंड घट्ट बांधून, धान्याच्या पत्र्याच्या कोठीत, कूलर नसलेल्या खोलीत. ऑगस्टमध्ये उघडलेली तिसरी बादली अजून मोकळी आहे.

उन्हाळ्याचं अजून एक. टाकीवर छोटा पंखा लावला की पाणी गार राहतं, पण रोज तीन-चार लिटर उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. त्यामुळे भर घालायची ती गोड्या पाण्याची. अमरावतीला तीन दिवस लग्नाला गेलो आणि काकांना ‘ड्रममधलं पाणी टाका’ एवढंच सांगितलं. ड्रम दोन होते. काकांनी विचारपूर्वक खाऱ्या पाण्याचा निवडला, ‘समुद्राचे मासे हायेत ना बाप्पा’. आल्यावर खारटपणा ३७ च्या वर. काकांना काय बोलणार? चार दिवसांत हळूहळू उतरवला. आता ड्रमवर मोठ्या अक्षरात ‘खारं’ आणि ‘गोडं’ लिहिलंय.

मोजमापाबद्दल थोडं. स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) बरेचदा खाण्याच्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे. आरओच्या पाण्यावर शून्य जुळवून माझं यंत्र ३५ च्या जागी दीड-दोनने जास्त दाखवत होतं. घरगुती उपाय: ३६.५ ग्रॅम खाण्याचं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी. या द्रावणावर यंत्र ३५ ला जुळवायचं. अर्ध्या ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घरी नव्हता, म्हणून इतवारीत ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्यांनी पुडी हुंगून पाहिली आणि मग सोन्याच्या काट्यावर मीठ तोललं.

पाणी: आमच्याकडे नळाचं २५० च्या आसपास टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप), बोअरचं ७०० च्या वर. घरच्या आरओचं ६० यायचं, कारण चवीसाठी त्यात थोडं कच्चं पाणी मिसळणारा एक छोटा स्क्रू असतो. तो पूर्ण बंद केला, पुढे उरलेले क्षार काढणारी डीआय रेझिनची नळी लावली, आता शून्य. काचेवरचं तपकिरी शेवाळ निम्म्यावर आलं. मी याचं खापर सुट्या मिठावर फोडत होतो.

तिसऱ्या मिठाचे आकडे, माझ्या किटवर, ३५ खारटपणाला: अल्कलिनिटी ८ ते ८.३, कॅल्शियम ४२० ते ४४०, मॅग्नेशियम १३००. सहा महिन्यांत सगळ्या वेळा याच पट्ट्यात. तासाभरात निवळतं, तरी रात्रभर पंप चालू ठेवतो. ड्रमच्या तळाशी किंचित करडा गाळ राहतो, तो वापरत नाही, शेवटचा अर्धा लिटर ओतून देतो. दाणे जरा जाड आहेत, मुठीने घालताना हाताला टोचतात. पाणी बदलल्यावर अल्कलिनिटी ०.१ नेही हलत नाही, झोआ संध्याकाळपर्यंत उघडे.

बादलीत अजून पाचेक किलो आहे, मार्चअखेरपर्यंत जाईल. पुढची मोठी बादली न घेता १० किलोची घेणार. मेमध्ये कूलर सुरू असताना घरात वीस किलो उघडं मीठ ठेवायची हौस फिटली.