बाजारपेठेतला वायफाय: एक पावसाळा वापरून

स्पीड आणि दर सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात जात नाही. मला ओटीपीबद्दल बोलायचंय.

आमच्या गुहागरात पावसात लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी उतरते आणि मोबाइलची रेंज जाते. किराणा दुकानावरचा वायफाय मात्र इन्व्हर्टरवर चालू, फायबर शाबूत. पण लॉगिनला ओटीपी लागतो आणि तो येतो मोबाइलच्याच नेटवर्कवर! बहीण कोल्हापूरला दवाखान्यात ॲडमिट, मला व्हॉट्सॲप कॉल लावायचा होता आणि मी दुकानाच्या पायरीवर ओटीपीची वाट बघत होतो. नंतर हेल्पलाइनला विचारलं, तर 'रेंजमध्ये जाऊन ओटीपी घ्या' म्हणाले. रेंज असती तर मला तुमचा वायफाय कशाला हवा होता? वादळात बंद पडणाऱ्या सार्वजनिक वायफायचा किनाऱ्यावर उपयोग काय? तेव्हा एक स्टार देणार होतो.

मग एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याने पीएम-वाणीचा, म्हणजे छोट्या दुकानांतून सार्वजनिक वायफाय देण्याच्या सरकारी योजनेचा, डबा बसवला. ही योजना केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केली. दुकानदाराला लायसन लागत नाही, आणि आपली ओळख ॲपमध्ये एकदाच पटवायची. पुतणीने ते मे महिन्यातच करून दिलं होतं. पुढच्या वेळी लाईट गेली तेव्हा ॲप उघडलं आणि लागलीच जोडलं गेलं. आईला व्हिडिओ कॉलपुरतंच नेट लागतं; तिच्यासाठी महिन्याचा रिचार्ज मारण्यापेक्षा या वायफायचं कुपन मला परवडतं.

पण हे टिकेल का? गुगलने २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून स्टेशनांवर फुकट वायफाय सुरू केला आणि २०२० मध्ये तो गुंडाळत असल्याचं सांगितलं. कारण दिलं, मोबाइल डेटा आता स्वस्त झालाय. शहरात ठीक आहे. खाडीपलीकडच्या वाडीत टॉवरच पोचत नाही, तिथे स्वस्त डेटा घेऊन करायचं काय? आमचा झेरॉक्सवालाही ब्रॉडबँडच्या बिलावर कुरकुरतो. २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ब्रॉडबँड कंपन्यांवर मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला अशा दुकानदारांकडून घरगुती ब्रॉडबँडच्या दुपटीपेक्षा जास्त दर घ्यायचा नाही. हे चांगलं झालं, पण इन्व्हर्टरचा खर्च अजून त्याच्याच खिशातून जातो. ग्रामपंचायत, नगरपंचायतीने तेवढा उचलावा, नवे डबे नंतर लावले तरी चालतील.

आता चार स्टार. कोकणात राहत असाल तर ॲपची नोंदणी पाऊस लागायच्या आत, रेंज असतानाच उरका.