राजहंसगड की वैजनाथ?

पावसाळा सरला की डोंगरावर पळायला कुठे जायचं, हा प्रश्न बेळगावातल्या पळणाऱ्यांपुढे असतोच. येळ्ळूरचा राजहंसगड नवख्यांना बरा: गडापर्यंत रस्ता, वाट चुकायची भीती नाही. वर सिद्धेश्वराचं देऊळ, २०२३ पासून शिवरायांचा भव्य पुतळा, आणि भन्नाट वारा. पण डांबर गुडघ्यांना लागतं.

मला वैजनाथचा डोंगरच आवडतो. हद्दीपलीकडे, चंदगड तालुक्यातल्या देवरवाडीतून चढायचं. दम असेल तर पुढे महिपाळगड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हा-थरांचा हा दक्षिण काठ, त्यावर जांभा दगड. सुका जांभा खरखरीत, बुटाला घट्ट धरतो. शेवाळ आलं की मात्र साबणच. उतरताना पावलं छोटी टाका, नजर चार पावलं पुढे. रविवारी पहाटे मी तिकडेच असते.