फेरारी ३५५ की होंडा एनएसएक्स? आधी इंजिन बाहेर काढायचा हिशोब करा

इथे इंग्लंडमध्ये स्थिरावलेले आपले मित्र चाळिशी-पन्नाशीला आले, घराचे हप्ते आवाक्यात आले, की त्यातल्या एखाद्याचा फोन येतोच. "अरे, लहानपणी भिंतीवर पोस्टर होतं ना, तीच गाडी बघतोय. ३५५ घेऊ की एनएसएक्स?" तोवर हॉर्सपॉवर आणि टॉप स्पीड त्याचं तोंडपाठ झालेलं असतं. मी एकच विचारतो, "दर तीन-चार वर्षांनी इंजिन गाडीबाहेर काढायची तुझी तयारी आहे का?" माझ्या मते या दोन गाड्यांतली निवड याच उत्तरावर ठरते.

कागदावर दोघी बहिणी वाटतात. इंजिन चालकाच्या पाठीमागे मधोमध, पिस्टनला जोडणारे कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे, रेडलाइन (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांची कमाल मर्यादा) आठ हजार किंवा त्याहून वर. एनएसएक्स आली १९९० मध्ये, संपूर्ण ॲल्युमिनियमचं शरीर आणि तीन लिटरचं व्ही६ घेऊन. फेरारी एफ३५५ आली १९९४ मध्ये. तिला साडेतीन लिटरचं व्ही८, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह आणि एनएसएक्सपेक्षा सुमारे १०० हॉर्सपॉवर जास्त. बोगद्यात तिचा आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. माझ्या दारात गेली नऊ वर्षं एनएसएक्स उभी आहे, तरी तेवढं मी मोकळेपणाने मान्य करतो.

आता पट्ट्यांकडे या. दोन्ही इंजिनांत टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालावर ठेवणारा दातेरी पट्टा आहे आणि तो तुटला किंवा दात चुकला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. एनएसएक्सचा पट्टा इंजिन जागेवर ठेवून बदलता येतो. अडचणीची जागा आहे, हात सोलवटतात, पण होतं. होंडाने त्याची मुदत सहा-सात वर्षांची ठेवली आहे. ३५५ ची मुदत तीन ते पाच वर्षं धरतात, मग गाडी वर्षाला हजार मैलच का चालेना. तिथे गाडीचं धड वर उचलतात आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन असं सगळं सबफ्रेमसकट (ज्या चौकटीवर ते बसवलेलं असतं तिच्यासकट) खाली ट्रॉलीवर राहतं. बिल काही हजार पौंडांचं होतं.

मात्र इंजिन बाहेर आलंच आहे, तर तो मोका साधायचा. पेट्रोलचे आणि कूलंटचे होज (रबरी नळ्या), वॉटर पंप, इंजिन माउंट, गरज असेल तर क्लच, सगळं त्याच फेरीत उरकायचं. पेट्रोलच्या जुन्या होजवर कधीही काटकसर करू नका. तापलेल्या इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आग.

माझ्या एका मित्राने घेतलेल्या ३५५ च्या बिलावर दोन वर्षांपूर्वीची 'बेल्ट सर्व्हिस' लिहिलेली होती. झाकण काढलं तर पट्टे खरोखर नवे होते. टेन्शनरचं बेअरिंग मात्र बोटाने फिरवलं, तर आत वाळू गेल्यासारखी खरखर लागली. पट्टा नवा आणि तो ताणून धरणारं बेअरिंग जुनंच! म्हणून बिलाची एकूण रक्कम वाचू नका, बदललेल्या सुट्या भागांची यादी वाचा. यादीच नसेल, तर काम झालेलं नाही असं धरून किंमत पाडून मागा.

३५५ चे दोन जन्मजात दोष सगळ्या जाणकारांना ठाऊक आहेत. पहिला, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरमधला जळका गॅस गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळ्या. मूळ मॅनिफोल्ड आतून तडकतात, गॅस गळू लागतो आणि शेजारचे भाग भाजून निघतात. दुसरा, सुरुवातीच्या गाड्यांतले व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे ज्यांत व्हॉल्व्ह वर-खाली सरकतात त्या नळ्या. ते मऊ ब्राँझचे असल्यामुळे झिजतात, नंतरच्या गाड्यांत कठीण सिंटर्ड स्टीलचे आले. गाडी घेण्याआधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन या सिलिंडर दाब धरतात का ते दाखवणाऱ्या दोन चाचण्या करून घ्याच. विक्रेता त्यांना नाही म्हणाला, तर तिथून उठा. आतल्या प्लॅस्टिकच्या बटणांवरचा थर डिंकासारखा चिकट होतो. ते दिसायला वाईट, पण किरकोळ आहे.

एनएसएक्सला 'होंडाच तर आहे' म्हणून काही होत नाही, हा समज सोडा. सुरुवातीच्या काही पाच-गिअरच्या गाड्यांत गिअरबॉक्समधली स्नॅप रिंग (आतलं बेअरिंग जागेवर धरणारी कडी) तुटते आणि केसिंगही फोडते. कोणत्या गिअरबॉक्सना हा धोका आहे ते क्रमांकावरून कळतं, तेव्हा तो क्रमांक आधी मागवा. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे कूलंटचे होज डझनावारी. तीस वर्षं जुनं रबर बाहेरून ठणठणीत दिसतं आणि क्लॅम्पखाली चिरलेलं असतं. शरीर ॲल्युमिनियमचं असल्यामुळे पत्रा गंजत नाही, पण अपघातात वाकला तर सरळ करायला त्यातलाच कसबी माणूस लागतो. जुनी मॉडेल्स मागचे टायरही भराभर खातात.

खरा त्रास होतो तो इलेक्ट्रॉनिक्सचा. माझ्या गाडीचा एसीचा पंखा आपल्या मनाने कमी-जास्त व्हायला लागला. एका गॅरेजने पूर्ण युनिट बदलायला सांगितलं. मी ते घरी आणून जेवणाच्या टेबलावर उघडलं. कपॅसिटरच्या बुडाशी ओलसर तपकिरी डाग, खालचा तांब्याचा पट्टा हिरवा पडलेला. सोल्डरिंग आयर्न लावताच सुक्या मासळीचा वास घरभर पसरला. आतलं रसायन गळलं की असाच वास येतो. डाग स्पिरिटने पुसले, नवे कपॅसिटर लावले, आणि पंखा तेव्हापासून सरळ चालतोय. सुटे भाग काही पौंडांत आले, वेळ एका रविवारचा गेला. स्पीकरच्या ॲम्प्लिफायरचंही दुखणं हेच, इलाजही हाच.

यावरून अपग्रेडबद्दलचं माझं मत बनलं आहे. कारखान्यातून आलेला ठरावीक दोष घालवणारा बदल घ्यावा: ३५५ ला जाड स्टीलचे किंवा इनकोनेलचे (उष्णता सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूचे) मॅनिफोल्ड, स्टीलचे गाइड; एनएसएक्सला सिलिकॉनचे होज, सुधारलेलं गिअरबॉक्स केसिंग. ताकद वाढवणारा बदल टाळावा. टर्बो, चिप किंवा मोठी चाकं बसवलेली गाडी स्वस्त मिळते, कारण पुढचा मालक आधीच्याचे उद्योग निस्तरत बसतो. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग पेटीत जपून ठेवा. विकताना त्या पेटीलाही किंमत येते.

काही जण मध्येच तिसरं नाव घेतात, पोर्शे ९९६. किमतीने ती या दोघींहून पुष्कळ स्वस्त आणि रोज चालवायला सर्वांत सोयीची. साध्या ९९६ च्या इंजिनातलं आयएमएस बेअरिंग (इंटरमीडिएट शाफ्ट या मधल्या दांड्याचं बेअरिंग) फुटलं, तर इंजिन संपतं. क्लचच्या कामाला गिअरबॉक्स उतरवला, की ते बेअरिंगही त्याच वेळी बदलून घ्यावं. ऑइल फिल्टर कापून त्यात धातूची चमक दिसते का ते बघावं. टर्बो मॉडेलचं इंजिन वेगळं आहे, त्याला हे दुखणं नाही.

परत जाताना गाडी पुण्याला नेऊ, असा बेत असेल तर आत्ताच सोडा. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात सहसा आयात करता येत नाही. ही गाडी इथे इंग्लंडमध्येच चालवायची आणि इथेच विकायची.

माझा कौल सांगतो. वर्षाला चार-पाच हजार मैल चालवणार असाल, जवळपास खात्रीचा फेरारी मेकॅनिक नसेल आणि स्वतः पान्हा हातात घ्यायची हौस असेल, तर एनएसएक्स. ३५५ घ्यायची तर खरेदीच्या किमतीशिवाय एका पूर्ण इंजिन-आउट सर्व्हिसचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा. तेवढे निघत नसतील, तर अजून एक वर्ष थांबा. स्वस्तातली, सर्व्हिस रखडलेली ३५५ घेऊन पस्तावलेले लोक मी जवळून पाहिले आहेत, आणि त्यांची गाडी वर्षभर झाकलेलीच असते.

बघायला जाण्याआधी सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास वाचा. तो फुकट आहे आणि दर वर्षीचे मैल त्यात दिसतात. टायरच्या कडेवरचे चार आकडे बघा; '१२१४' म्हणजे २०१४ चा बारावा आठवडा, मग नक्षी कितीही खोल असो, ते टायर बाद. आणि विक्रेत्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा, की इंजिन सुरू करून ठेवू नका, मी येईन तेव्हा गाडी थंड हवी, म्हणजे थंड इंजिन सुरू होतानाचे दोष लपत नाहीत. पोचल्यावर आधी बॉनेटवर नव्हे, इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून बघा.